लोहगावचे लिबरेटर

युद्धात उडालेले विमान संग्रहालयात उभे करण्यासाठी दुरुस्त करणे आणि तेच विमान पुन्हा आकाशात नेण्यासाठी दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. उडवायचे असेल तर ज्या भागाबद्दल जराशीही शंका आहे तो काढून नवा बसवावा लागतो, कारण प्रश्न आत बसणाऱ्यांच्या जिवाचा असतो. दाखवायचे असेल तर जुना भाग जितका राखता येईल तितका राखायचा असतो, कारण पाहणारा त्याच भागासाठी आलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातील बी-२४ लिबरेटर या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या वाट्याला ही दोन्ही कामे आली. जगातल्या निरनिराळ्या संग्रहालयांत आज जी लिबरेटर उभी आहेत, त्यांपैकी अनेकांचा मार्ग कानपूर, बंगळूर आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून गेलेला आहे.

लिबरेटर दिसायला देखणे विमान नव्हे. जाडजूड चौकोनी पोट, खांद्यावरून निघणारे लांब आणि अरुंद पंख, शेपटीला दोन मोठे लंबगोल सुकाणू आणि चार इंजिने. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट, म्हणजे साधारण साडेतेहेतीस मीटर. प्रत्येक इंजिन चौदा सिलिंडरचे, बाराशे अश्वशक्तीचे. बॉम्ब टाकण्यासाठी पोटाखालचे दरवाजे बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर सरकायचे. आत आठ ते दहा माणसे. या विमानाची खरी ताकद त्याच्या पल्ल्यात होती. इतर विमाने जिथे पोचत नसत त्या अटलांटिकच्या मध्यभागी लिबरेटर पाणबुड्या शोधत फिरे, आणि बंगालच्या उपसागरावरून ब्रह्मदेशापर्यंत जाऊन परत येई. अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली. फोर्ड कंपनीच्या विलो रन येथील कारखान्यातून ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत असे. त्या युद्धात इतक्या संख्येने दुसरे कुठलेही अमेरिकी लढाऊ विमान बांधले गेले नाही.

आणि तरीही युद्ध संपल्यावर काही वर्षांतच लिबरेटर जवळजवळ नाहीसे झाले. विमान म्हणजे वितळवण्याजोग्या ॲल्युमिनियमचा साठा, एवढीच त्याची किंमत उरली. अमेरिकेत हजारो विमाने रांगेने भट्टीत गेली. आज साऱ्या जगात जेमतेम डझनभर लिबरेटर पूर्ण स्वरूपात उरली आहेत आणि त्यांतली सुमारे निम्मी भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत. युद्धात भारताने ही विमाने विकत घेतली नव्हती, बांधलीही नव्हती. त्याला ती मिळाली भंगारात.

ब्रिटिश हवाई दलाकडची लिबरेटर अमेरिकेने 'लेंड-लीज' करारानुसार उसनी दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, अशी अट होती. समुद्रापार परत नेणे परवडणारे नव्हते, म्हणून भारतातली बरीच विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर आणून सोडण्यात आली. ती कुणी पुन्हा वापरू नयेत यासाठी त्यांची रीतसर नासधूस करण्यात आली. काहींवर डोझर घातला, काहींच्या इंजिनांत वाळू ओतली, उपकरणांचे फलक फोडले. मग पावसाळे गेले, गवत वाढले.

१९४७ नंतर स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमानच नव्हते आणि नवे घेण्याइतके परकीय चलनही नव्हते. कानपूरचा हा ढीग तपासून उपयोगी पडेल ते उभे करायचे, असे ठरले. काम आले बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कंपनीकडे, आजच्या एचएएलकडे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० मध्ये ही कंपनी सुरू केली होती. युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिथे अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे काम चालले. त्यामुळे कारागिरांचे हात अशा कामाला सरावलेले होते. कानपूरला त्यांनी एका विमानाचे इंजिन, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे सुकाणू असे जमवत एकेक विमान कसेबसे उडण्यापुरते तयार केले. पुढचे काम वैमानिक जमशेद मुन्शी यांचे होते. लिबरेटर चालवण्याचा पूर्वानुभव नसताना ते एकामागून एक विमान कानपूरहून बंगळूरला घेऊन गेले. तिथे मग नीट, सविस्तर दुरुस्ती झाली. अशी चाळिशीच्या आसपास विमाने उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन स्थापन झाली. जी विमाने पुन्हा उडू नयेत म्हणून मोडली होती, ती तीनच वर्षांत एका नव्या देशाची पहिली जड बॉम्बफेकी विमाने झाली होती.

पुढे ६ क्रमांकाची स्क्वॉड्रनही लिबरेटरवर आली. तिचा तळ पुणे, काम सागरी टेहळणीचे. लोहगावहून उडायचे, घाट ओलांडून अरबी समुद्रावर जायचे, तासन्‌तास जहाजांवर नजर ठेवायची आणि परत यायचे, हा तिचा दिनक्रम. लढाईच्या कथांत अशा कामाला जागा मिळत नाही. पण लांब पल्ल्याच्या आणि हळू उडणाऱ्या विमानाला ते काम फार जमत होते आणि म्हणूनच जगाने टाकून दिलेले लिबरेटर भारतात १९६८ अखेरपर्यंत सेवेत राहिले. प्रत्यक्ष लष्करी सेवेतली ही जगातली शेवटची लिबरेटर.

निवृत्तीची बातमी बाहेर पसरली तेव्हा परदेशी संग्रहालयांच्या लक्षात आले की ज्या विमानाचा एकही नमुना आपल्याकडे उरला नाही, ते भारतात नुसते आहे असे नव्हे तर उडण्याच्या स्थितीत आहे. कॅनडाने अदलाबदल केली. त्याने एक लायसँडर विमान दिले आणि १९६८ मध्ये एक लिबरेटर नेले. लायसँडर हे भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने १९४२ मध्ये ब्रह्मदेशात वापरलेले विमान. कॅनडाहून आलेले ते लायसँडर दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात ठेवले गेले, म्हणजे सौद्यात दोन्ही संग्रहालयांची एकेक रिकामी जागा भरली. दुसरे एक लिबरेटर १९६९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टुसान येथील पिमा संग्रहालयासाठी उडत गेले. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला १९७४ मध्ये मिळालेले लिबरेटर पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधले. तेही स्वतःच्या इंजिनांवर उडत इंग्लंडला पोचले. भारताने आपल्यासाठी एक ठेवले, ते पालमला आहे.

संग्रहालयाच्या दृष्टीने उडत आलेले विमान हे भाग्यच. कारण मोठे विमान रस्त्याने किंवा जहाजाने न्यायचे तर पंख कापावे किंवा सोडवावे लागतात, आणि त्या खटाटोपात जितके नुकसान होते तितके कधी कधी पन्नास वर्षांच्या उन्हापावसानेही होत नाही. पण दारात येऊन उभे राहिल्यावर खरे काम सुरू होते.

पहिले काम हत्याराचे नसून कागदाचे असते. हे विमान नेमके कोणते, हे आधी ठरवावे लागते. पिमा संग्रहालयातल्या लिबरेटरला तीन नावे आहेत. अमेरिकी क्रमांक ४४-४४१७५, ब्रिटिश क्रमांक केएच३०४ आणि भारतीय क्रमांक एचई८७७. अमेरिकी क्रमांकातल्या पहिल्या ४४ वरून कळते की विमानाची मागणी १९४४ च्या आर्थिक वर्षातली आहे. इथपर्यंत सोपे. पण कानपूरला निरनिराळ्या विमानांचे भाग एकत्र केले गेले होते. म्हणून सांगाड्यावरची पाटी एक सांगते, शेपटीच्या आतला शिक्का दुसरे सांगतो, इंजिनावरचा क्रमांक तिसरे. संग्रहालयाचे लोक अशा प्रत्येक शिक्क्याचे छायाचित्र काढून ठेवतात. या विसंगती म्हणजे दोष नव्हेत. कानपूर आणि बंगळूरच्या कारागिरांनी काय केले याचा तो बहुधा एकमेव लेखी पुरावा असतो, आणि घाईने 'मूळ' भाग शोधून बदलणारा माणूस तो पुसून टाकतो.

नंतर धोक्यांची तपासणी. जुन्या विमानात शिरताना सर्वांत जपायला हवे ते उपकरणांच्या चमकणाऱ्या तबकड्यांपासून. रात्री दिसावे म्हणून त्या काळी आकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावत. रंगाची चमक काही दशकांत जाते, पण रेडियम तसेच राहते. त्याची किरणोत्सर्गी शक्ती निम्मी व्हायला सोळाशे वर्षे लागतात. काच फुटली असेल तर भुकटी हाताला, कपड्याला लागून घरापर्यंत जाऊ शकते. म्हणून अशी उपकरणे मोजमाप करून बंद पेटीत ठेवतात किंवा तबकडी बदलतात. सांगाड्याच्या आतल्या हिरवट-पिवळ्या अस्तरात क्रोमेट हे विषारी रसायन असते, ते घासताना नाकावर साधे फडके बांधून भागत नाही. इंजिनाच्या आसपासच्या आवरणांत ॲस्बेस्टॉस असू शकते. इंधनाच्या टाक्या रिकाम्या दिसल्या तरी त्यांतली वाफ पेट घेऊ शकते. युद्धातल्या टाक्या आतून रबराच्या थराच्या असत. गोळी लागली की रबर फुगून भोक बुजावे, अशी योजना. तेच रबर आता चिकट गोळा होऊन बसलेले असते आणि टाकी हळूहळू खरवडून काढावी लागते.

मग येतो पत्रा. ॲल्युमिनियम गंजत नाही हा सर्वसाधारण समज शुद्ध ॲल्युमिनियमपुरता बराचसा खरा आहे. हवेशी संयोग होऊन त्यावर एक पातळ आवरण बनते आणि तेच त्याला राखते. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते, त्याचे विमान होत नाही. विमानासाठी त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळतात. त्याने ताकद येते, आणि तांब्यामुळेच ते आतून खचू लागते. यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर बसवण्याची पद्धत निघाली. हा थर शाबूत आहे तोवर पत्रा टिकतो. म्हणूनच विमान 'चकाचक' करण्याच्या हौसेने त्यावर पॉलिशचे चक्र फिरवणे हा संग्रहालयातला मोठा गुन्हा. दोन-चार वेळा घासले की शुद्ध थर निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर पांढरे डाग उमटू लागतात.

पंखांच्या आतले जाड दांडे, ज्यांवर साऱ्या विमानाचा भार असतो, ते दाबून काढलेल्या धातूचे असतात आणि तिथे गंजण्याची रीत वेगळी. धातूचे कण लांबट थरांत बसलेले असतात. ओल थरांच्या मध्ये शिरते, तिथे पांढरी भुकटी तयार होते, भुकटीला जागा जास्त लागते म्हणून थर एकमेकांपासून सुटतात आणि दांडा पापुद्र्यांनी फुगतो. बाहेरून रंग शाबूत, टोकदार हत्याराने टोचले की आत भुसभुशीत. शिवाय लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जिथे भेटतात तिथे ओल आली की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. चाकांचे ओतीव भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असले तर त्यांची अवस्था सर्वांत वाईट असते. प्रदर्शनासाठीच्या दुरुस्तीत असा भाग सहसा बदलत नाहीत. भुकटी काढतात, पृष्ठभाग स्थिर करतात, वरून संरक्षक लेप देतात, आणि भार पेलायला तो असमर्थ असेल तर बाहेरून आधार देऊन भार दुसरीकडे वळवतात.

पत्रा बदलावाच लागला तर रिव्हेटपासून सुरुवात. जुन्या रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल लावायचे, डोके सुटले की उरलेला खिळा पंचने मागे ढकलायचा. ड्रिल जरा कलले तर भोक मोठे होते आणि तिथे पुढच्या मापाचा जाड रिव्हेट घालावा लागतो. नवा रिव्हेट बसवायला दोन माणसे हवीत. एक बाहेरून रिव्हेटगन चालवतो, दुसरा आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. हाका मारून किंवा पत्र्यावर टकटक करून काम चालते. आतला माणूस अंगाने बारीक असावा लागतो, कारण लिबरेटरच्या शेपटीकडच्या भागात धड बसताही येत नाही. काही रिव्हेट तर बर्फाच्या पेटीत ठेवावे लागतात. त्या मिश्रधातूला उष्णतेची प्रक्रिया दिल्यावर तो थोडा वेळच मऊ राहतो. थंडीत ठेवला तर मऊपणा टिकतो, बाहेर काढला की काही मिनिटांत ठोकून मोकळे व्हावे लागते, नाहीतर तो कडक होऊन ठोकताना फुटतो.

या कामाला किती श्रम पडतात याचा अंदाज अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनच्या लिबरेटरवरून येतो. तेही भारतीय हवाई दलातून गेलेले. निवृत्तीनंतर ते भारतातच उघड्यावर पडून होते. १९८१ मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने ते विकत घेऊन सुटे करून इंग्लंडला नेले आणि १९८४ मध्ये ते कॉलिंग्ज यांच्याकडे आले. सुरुवातीचा बेत नुसते प्रदर्शनात उभे करण्याचा होता. मग उडवण्याचा आग्रह झाला आणि खर्च व काळ यांचे सगळे गणितच बदलले. जवळजवळ सगळे विमान सुटे केले गेले, चार लाखांहून अधिक रिव्हेट बदलले गेले आणि सुमारे ९७,००० मनुष्य-तास खर्ची पडले. १९८९ मध्ये ते उडाले. लेखाच्या आरंभी सांगितलेला फरक इथे आकड्यांत दिसतो. विमान आकाशात गेले हे खरे, पण १९४४ मध्ये ठोकलेले आणि बंगळूरला १९४८ च्या सुमारास पुन्हा ठोकलेले कितीतरी रिव्हेट त्यासाठी कचऱ्यात गेले. जिवंत विमानाचा आवाज ऐकण्याची किंमत म्हणून ती काहींना रास्त वाटते. संग्रहालयशास्त्राच्या अंगाने पाहिले तर ती जबर आहे.

इंजिनांचे त्या मानाने सोपे. चालवायची नसतील तर तेल काढून घेतात, सिलिंडरमध्ये गंजरोधक द्रव सोडतात, स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या पुड्या बसवतात आणि पंखा हाताने अधूनमधून थोडा फिरवतात. एवढे करूनही ही गोल इंजिने वर्षानुवर्षे तेल गाळत राहतात. खाली ट्रे ठेवणे हा त्यावरचा जगभर मान्य झालेला उपाय.

पारदर्शक भाग आणि हरवलेल्या वस्तू ही निराळीच डोकेदुखी. नाकातल्या आणि तोफांच्या घुमटातल्या प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या पडतात, त्यांत बारीक तडे जातात. त्या पुन्हा पारदर्शक होत नाहीत. एक तर तशाच ठेवायच्या किंवा साच्यावर नव्या घडवून जुन्या कोठारात जपायच्या. मशीनगन, बॉम्बचा नेम धरण्याचे यंत्र, रेडिओ, घड्याळ अशा वस्तू विमान निवृत्त होताना काढून घेतलेल्या असतात, उरल्यासुरल्या चोरीला जातात. त्यांच्या जागी प्रतिकृती बसवली तर ती प्रतिकृती आहे हे कुठेतरी कोरून ठेवणे हा नियम. नव्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने तारीख आणि खूण घालतात. पन्नास वर्षांनी दुसरा कुणी विमान उघडेल तेव्हा मूळ कोणते आणि नंतरचे कोणते हे त्याला कळले पाहिजे.

बिकानेरच्या विमानांच्या बाबतीत ही अडचण टोकाला गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने वाटून टाकलेल्या विमानांपैकी डीएच-९ जातीची काही विमाने महाराजा गंगासिंहांच्या बिकानेर संस्थानाला मिळाली होती. त्यांचे सांगाडे अनेक दशकांनी राजवाड्याच्या हत्तीखान्यात सापडले. ही विमाने धातूची नसून लाकडाची आणि कापडाची. कापड गेलेले, लाकूड वाळवीने खाल्लेले. ते लाकूड भार पेलू शकत नव्हते, पण माप आणि जोड दाखवत होते. त्यावरून नवे भाग घडवून इंग्लंडमध्ये दोन विमाने पूर्ण झाली. त्यांतले एक डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये प्रदर्शनात आहे, दुसरे २०१९ मध्ये उडाले.

सगळ्यात शेवटी येतो रंग, आणि खरा वाद इथेच असतो. रंग हे शोभेचे काम आहे असे वाटते, पण हे विमान कुणाचे आणि कुठल्या काळातले म्हणून दाखवायचे याचा निर्णय त्यातच दडलेला असतो. जुना रंग एकदम खरवडून टाकण्याआधी जाणकार संग्रहालये एका लहान चौकोनात पायरी-पायरीने थर घासतात. वरचा थर, त्याखालचा थर, त्याखालचे अस्तर अशी वर्तुळे उमटत जातात. भारतात वीस वर्षे वापरलेल्या लिबरेटरवर अशी चाचणी केली की हवाई दलाच्या चक्राचा केशरी-पांढरा-हिरवा, त्याखाली एखाद्या ब्रिटिश वर्तुळाचा निळा आणि त्याहीखाली उघडा पत्रा, असा इतिहास क्रमाने वाचता येतो.

मग निवड करावी लागते. रॉयल एअर फोर्स म्युझियमने आपले लिबरेटर आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आघाडीच्या रंगात दाखवले. ते विमान १९४५ मध्ये ९९ क्रमांकाच्या ब्रिटिश स्क्वॉड्रनकडे होतेच, त्यामुळे निवड खोटी नाही. पिमाने आपले विमान इंग्लंडहून जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या अमेरिकी तुकडीच्या रूपात सजवले. ते प्रत्यक्षात त्या तुकडीत कधी नव्हते. कॅनडाने कॅनेडियन क्रमांक दिला. कॉलिंग्जचे विमान तर तीन वेगवेगळ्या नावांनी रंगवले गेले. 'ऑल अमेरिकन', मग पॅसिफिक आघाडीवरच्या एका विमानाचे ड्रॅगनचे चित्र, मग 'विचक्राफ्ट'. प्रत्येक देशाने आपल्या सैनिकांची आठवण ठेवावी यात गैर काही नाही, ते सैनिक मोठ्या संख्येने मेले होते. पण या विमानांनी युद्धाच्या रंगात काढलेला काळ काही महिन्यांचा, आणि भारतीय रंगात काढलेला काळ जवळजवळ दोन दशकांचा. ज्या सेवेमुळे ती भट्टीतून वाचली तीच सेवा त्यांच्या अंगावरून पुसली गेली. बाजूच्या फलकावर दोन ओळी असतात, एवढेच. भारतीय ओळख अंगावर बाळगणारे लिबरेटर पाहायचे तर दिल्लीला पालमलाच जावे लागते.

याचा अर्थ भारताने आपली विमाने नीट जपली असाही नव्हे. महायुद्धानंतर भारताकडे आलेली हॉकर टेम्पेस्ट जातीची लढाऊ विमाने निवृत्त झाल्यावर हवाई तळांच्या कडेला पडून राहिली. १९७० च्या दशकाअखेरीस ब्रिटिश संग्राहकांनी त्यांतली बरीचशी उचलून नेली आणि लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले टेम्पेस्ट त्याच साठ्यातले. स्वदेशी 'मारुत' हे जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढलेले विमान. महाराष्ट्रात ते पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात बघायला मिळते. उद्यानात येणारी बहुतेक मुले त्याखालून पळतात, आणि तेही काही वाईट नाही. पण उघड्यावरचे विमान हे देखभालीच्या दृष्टीने कधीही न संपणारे काम असते.

इथे हवामानाचा फरक फार पडतो. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावात गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला नांगराचा फाळ दोन उन्हाळे सहज काढतो. तोच अलिबागला ठेवला तर एका पावसाळ्यात हाताला लाल होतो. विमानाचेही तसेच. कोरडी हवा विमानाला मानवते, म्हणून अमेरिकेने आपली निवृत्त विमाने ॲरिझोनाच्या वाळवंटात ठेवली आणि पिमा संग्रहालय तिथेच वाढले. गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळ्याच्या रस्त्यावरचे नौदल विमान संग्रहालय नेमके उलट्या हवेत आहे. समोर समुद्र, हवेत मीठ आणि वर्षाला चार महिने धो धो पाऊस. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणाऱ्या सी हॉक आणि अलिझे जातींची विमाने मैदानात उभी आहेत. तिथेच एक सुपर कॉन्स्टेलेशन आहे. एअर इंडियाने वापरून झालेली ही प्रवासी विमाने हवाई दलाकडे आली. त्यांतल्या काही विमानांनी पुण्याच्या त्याच ६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये लिबरेटरच्या जोडीने सागरी टेहळणी केली, आणि १९७६ मध्ये ती गोव्यात नौदलाकडे गेली. लोहगावच्या टेहळणी विमानांच्या या दुसऱ्या पिढीचा नमुना मराठी वाचकाला घराजवळ बघता येतो तो इथे.

अशा जागी दुरुस्तीपेक्षा नित्याची निगा मोलाची. पावसाळ्याआधी पंखांच्या आणि पोटाच्या तळाशी असलेली पाणी निघून जायची बारीक भोके मोकळी करायची. पक्षी इंजिनाच्या तोंडात घरटी करतात आणि त्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, म्हणून सगळ्या तोंडांना जाळी बसवायची. मीठ धुऊन काढायला गोड्या पाण्याने, हलक्या दाबाने अंग धुवायचे. जोराचा फवारा मारला तर पाणी पत्र्यांच्या जोडांत शिरते आणि तिथेच मुरते. टायरांवर विमानाचा भार वर्षानुवर्षे ठेवला तर ते एका बाजूने चपटे होऊन फुटतात, तेव्हा आसाखाली लोखंडी घोडे लावून चाके जमिनीला जेमतेम टेकतील एवढीच ठेवायची. चौथऱ्यावर चढवलेल्या विमानाला तर वाऱ्याचाही हिशेब लागतो. पंख हे उचलण्यासाठीच बनवलेले असतात आणि वादळी वाऱ्यात ते आपले काम करू बघतात, म्हणून अँकर बोल्टची दरवर्षी तपासणी हवी.

छताखाली आणणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग, पण नुसते छत पुरत नाही. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर धातू, रबर, कापड आणि लाकूड ही चारही एकत्र नांदू शकतात. आर्द्रता दिवसा कमी आणि रात्री जास्त होत राहिली तर थंड पत्र्यावर पहाटे दव धरते आणि छप्पर असूनही विमान रोज भिजते. परदेशातली मोठी संग्रहालये यासाठी हँगरमध्ये ओल शोषणारी यंत्रे बसवतात. आपल्याकडे ते शक्य नसले तर निदान हवा खेळती ठेवणे, विमानावर प्लास्टिक न गुंडाळणे आणि आतली ओल दर महिन्याला मोजून नोंदवणे एवढे करता येते. प्लास्टिकचे आवरण धूळ अडवते हे खरे, पण आत अडकलेली वाफ पत्र्यावरच बसते आणि दोन पावसाळ्यांत पंखांच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसू लागते.